कॅसेट लावण्याआधी

पावसाळा उलटला आणि हवेतला दमटपणा ओसरला, की आपल्या घरांत ट्रंका आणि संदूक उघडले जातात. रजया, गोधड्या, निकाहचे भरजरी कपडे गच्चीवर जातात. त्याच ट्रंकेच्या तळाशी बुटांच्या खोक्यात दहा-पंधरा कॅसेट्स निघतात. मग पुढचे ठरलेले असते. कोणीतरी म्हणते, "चालते का बघू या." माळ्यावरचा जुना टेप रेकॉर्डर खाली येतो, धूळ झटकली जाते, कॅसेट आत जाते आणि बटण दाबले जाते. या महिन्यात आम्हाला वाचक भगिनी-बंधूंना सांगायचे आहे ते त्या बटणाविषयी. ते दाबू नका. निदान त्या दिवशी तरी नको.

असे का, ते सांगण्याआधी त्या खोक्यात काय असते ते आठवू या. रत्नागिरी-रायगडच्या किती तरी घरांतले कर्ते पुरुष १९७० नंतरच्या दशकांत कुवेत, बहारीन, दुबई, सौदीला गेले. फोन महाग, तोही गावात एखाद्याकडेच. खत लिहायला-वाचायला सगळ्यांना यायचेच असे नाही. म्हणून सुट्टीवर येणाऱ्या माणसाच्या हातात कॅसेट दिली जायची. एका बाजूला अब्बांचा आवाज, आणि परत जाताना दुसऱ्या बाजूला घरातल्या सगळ्यांचा: दादीची दुआ, मुलांचे पाढे, मध्येच कोंबड्याचे आरवणे, आणि "आता तू बोल, मला लाज वाटते" असे एकमेकींना ढकलणे. लग्नघरात बायकांनी आपल्या कोकणी बोलीत म्हटलेली मेहंदीची आणि हळदीची गाणीही अशीच कोणीतरी टेप करून ठेवलेली असतात. त्यातल्या कित्येक गाण्यांची कुठे वही नाही. म्हणणाऱ्या गेल्या. आता ती आहेत ती फक्त त्या तपकिरी फितीवर. आणि पावसाने खाल्लेली फीत जुन्या यंत्रात घातली, तर पहिल्याच फेऱ्यात ती कायमची जाऊ शकते.

टेप म्हणजे मेलेली वस्तू, असा आपल्यापैकी अनेकांचा समज आहे. तो खरा नाही. बँका, हवामान संस्था, चित्रपट कंपन्या, मोठमोठी संगणक केंद्रे आपला जुना माल आजही टेपवरच ठेवतात. फेब्रुवारी २०११ मध्ये एका सदोष अपडेटमुळे जीमेलच्या काही वापरणाऱ्यांच्या टपालपेट्या अचानक रिकाम्या दिसू लागल्या. संगणकावरच्या प्रतींनाही त्याची झळ पोहोचली होती. गूगलने ती पत्रे परत आणली ती टेपवरून, कारण टेप कपाटात होती आणि कपाटातल्या टेपला संगणकातली चूक शिवत नाही. या कामाच्या टेपला एलटीओ म्हणतात. तळहाताएवढी, चौकोनी, दोन सेंटिमीटरहून थोडी जाड कॅसेट. आत एकच रीळ. २०२१ मध्ये आलेल्या नवव्या पिढीच्या एका कॅसेटमध्ये १८ टेराबाइट माहिती मावते, आणि आतली फीत एक किलोमीटरहून लांब असते.

या कॅसेट्स हाताळणाऱ्यांचे नियम आम्ही मुद्दाम वाचले, आणि त्यात आपल्या घरासाठी फार उपयोगाचे काही मिळाले. त्यांचा पहिला नियम असा, की कॅसेट बाहेरून आली, प्रवासातून आली, तर लगेच यंत्रात घालायची नाही. ज्या खोलीत ती चालवायची त्या खोलीत आधी तिला राहू द्यायचे, गरज पडली तर २४ तास. थंड वस्तूवर दमट हवेतले पाणी कसे धरते ते फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर आपण रोज पाहतो. दुसरा नियम, कॅसेट हातून पडली तर "काही झाले नाही" म्हणून पुढे जायचे नाही. कवचाच्या सांध्याला फट पडली आहे का, बाजूचे छोटे दार उघडते-मिटते का, हलवल्यावर आत काही खुळखुळते का, हे पाहायचे. त्या दाराच्या आत फितीच्या टोकाला एक लहान धातूची कांडी असते. यंत्र तिलाच पकडून फीत ओढून घेते. ती जागेवरून तसूभर सरकलेली असेल तर फीतही जाते आणि यंत्रही. म्हणून दार बोटाने सरकवून ती कांडी नीट बसली आहे ना, हे डोळ्यांनी पाहायचे, पण फितीला बोट लावायचे नाही. आणि पडलेली कॅसेट वरून धडधाकट दिसली, तरी तिच्यातली माहिती लवकरात लवकर दुसऱ्या कॅसेटवर उतरवून घ्यायची आणि तिला कामातून काढायचे.

लाखो रुपयांची यंत्रे दिमतीला असणारी माणसे हे करतात. आपल्या खोक्यातल्या कॅसेटची तर दुसरी प्रतही नसते. मग घाई आपण का करावी?

आता फितीची रचना थोडक्यात पाहू, म्हणजे पुढचे सगळे आपोआप पटेल. फितीचा पाया पॉलिएस्टरचा, त्यावर लोखंडाच्या ऑक्साइडसारखी चुंबकीय भुकटी, आणि भुकटीला पायावर धरून ठेवणारा एक चिकट थर. आवाज त्या भुकटीत असतो. साध्या ऑडिओ कॅसेटची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद, म्हणजे चपातीच्या काठाएवढीसुद्धा नाही. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये तिची जाडी सुमारे १८ मायक्रॉन, नव्वदच्या कॅसेटमध्ये १२, आणि १२० मिनिटांच्या कॅसेटमध्ये जेमतेम ९. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणून खोक्यात १२० लिहिलेली कॅसेट असेल तर ती सगळ्यांत नाजूक समजावी. या फितीला धोका असतो तो दमटपणाचा, उष्णतेचा, धुळीचा, आणि सगळ्यांत जास्त बिघडलेल्या यंत्राचा. ओल चिकट थरात शिरते, थर सैल होतो, आणि भुकटी यंत्राच्या हेडवर निघून येते. ती निघाली की आवाज निघाला. पुन्हा लावता येत नाही.

लोक मात्र घाबरतात ते चुंबकाला आणि विमानतळावरच्या एक्स-रेला. एक्स-रेने टेप पुसली जात नाही. आखातातून आलेल्या कॅसेट्स त्यातूनच आल्या आहेत. चुंबक म्हणाल, तर मोठ्या स्पीकरच्या अंगाला चिकटून कॅसेट ठेवू नये, बस्स.

तर पाहणी. कोरड्या दिवशी, दिवसाउजेडी, टेबलावर स्वच्छ पांढरा कपडा अंथरून बसावे. पंखा बंद. हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत, तेल किंवा अत्तर लावलेले नसावे. कॅसेट कवचाला धरूनच उचलावी. आधी वास घ्यावा, पण नाक आत खुपसून नव्हे. कुबट वास आला तर सावध व्हावे. मग खिडकीतून रिळाकडे पाहावे. चांगल्या रिळाचा पृष्ठभाग ग्रामोफोनच्या तबकडीसारखा सपाट आणि काळसर-तपकिरी दिसतो. त्यावर पांढरे ठिपके, कापसासारखे तंतू किंवा राखाडी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे असेच धरून चालावे. फितीचे काही वेटोळे बाहेर आले असतील, पायरी दिसत असेल, तर गुंडाळणी बिघडली आहे.

नंतर खालच्या उघड्या बाजूकडे यावे. तिथे मधोमध फितीच्या मागे तांब्यासारख्या रंगाच्या पातळ पट्टीवर लोकरीच्या नमद्याचा एक इवलासा तुकडा दिसायला हवा. तो फितीला हेडवर दाबून धरतो. त्याचा गोंद सुकून तो गळून पडणे हा जुन्या कॅसेटचा नेहमीचा आजार आहे. तो नसेल तर आवाज घोगरा, दूरून आल्यासारखा येतो, आणि घरातले म्हणतात, "टेप खराब झाली." टेपला काही झालेले नसते. स्क्रू असलेली कॅसेट असेल, तर दुसऱ्या चांगल्या कॅसेटचे कवच उघडून त्यात ही फीत बसवता येते. फक्त आधी एखाद्या निरुपयोगी कॅसेटवर हात बसवावा, आणि उघडल्यावर काही हलवण्याआधी मोबाइलने फोटो काढून ठेवावा. स्क्रू नसलेल्या, चिकटवलेल्या कवचाला घरी सुरी लावू नये.

मग पेन्सिल. आमच्या वर्गातल्या मुलांना पेन्सिलीचा आणि कॅसेटचा काय संबंध हे सांगावे लागते. आमच्या वाचकांना नाही. सहा कडांची पेन्सिल रिळाच्या दात्यांत घालून हळूहळू फिरवावी. रीळ सहज फिरले पाहिजे. सुटलेली फीत आत घेऊन ती ताठ करावी, कारण ढिली फीतच यंत्र गिळते. रीळ अडखळत असेल, किंवा वेटोळे एकमेकांना चिकटून सुटताना बारीक आवाज येत असेल, तर तिथेच थांबावे. ती कॅसेट जाणत्या माणसाकडे जायला हवी. फीत तुटलेली असली तर साधी सेलोटेप लावू नये. तिचा गोंद उष्णतेने पसरतो आणि पुढच्या वेटोळ्यांना चिकटतो. टेप जोडण्यासाठी वेगळी पट्टी मिळते.

बुरशी दिसली तर काय करावे? इथे आपल्या घरातल्या चांगल्या सवयीच घात करतात. गादी, पापड, मसाला, सगळे आपण उन्हात घालतो, म्हणून कॅसेटही उन्हात ठेवली जाते. कृपा करून ठेवू नका. उन्हाने कवच वाकते आणि फीत सुरकुतते. ओल्या फडक्याने पुसू नका, केस वाळवायचा ड्रायर लावू नका, तोंडाने फुंकू नका. बुरशीचे कण श्वासात जातात. दमा असणाऱ्यांनी आणि मुलांनी त्या खोलीत थांबू नये. मास्क लावून ती कॅसेट वेगळ्या झिपच्या पिशवीत घालावी, सोबत सिलिका जेलच्या ताज्या पुड्या ठेवाव्यात, पिशवीवर 'बुरशी' असे लिहावे आणि इतर कॅसेट्सपासून दूर ठेवावी. पुड्या आठवड्याने बदलाव्यात. याने बुरशी जाणार नाही, पण पसरणे थांबेल. साफसफाई हे त्या कामातल्या माणसाचेच काम. बुरशीची एक कॅसेट यंत्रात फिरली की हेड आणि रोलर बरबटतात, आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला प्रसाद मिळतो.

आता यंत्राकडे. वीस वर्षे बंद असलेल्या टेप रेकॉर्डरमधला रबरी बेल्ट बहुधा ताणलेला किंवा वितळून काळा चिकटा झालेला असतो. फीत पुढे नेणारा रबरी रोलर कडक पडलेला असतो. अशा यंत्राला घरातली एकुलती एक कॅसेट देणे म्हणजे ब्रेक तपासल्याशिवाय घाटात गाडी घालणे. शहरात अजून काही जुने दुरुस्तीवाले आहेत. बेल्ट बदलून मिळतो. हेड आणि रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या काडीने पुसावेत आणि पूर्ण वाळू द्यावेत. मग एखादी बाजारातली गाण्याची कॅसेट लावून दोन्ही बाजू अथपासून इतिपर्यंत ऐकाव्यात. सूर डळमळतो का, मध्येच थांबते का, काढल्यावर फितीला चुण्या पडल्या आहेत का?

पण थांबा. ती 'बाजारातली' कॅसेट खरेच बाजारातली आहे ना? कॅसेटच्या मागच्या कडेला दोन कोपऱ्यांत दोन चौकोनी खाचा असतात. विकत मिळणाऱ्या गाण्यांच्या कॅसेटला तिथे भोके असतात, म्हणजे त्यावर चुकून काही टेप होऊ नये. कोऱ्या कॅसेटला तिथे प्लॅस्टिकच्या लहान पाकळ्या असतात. आपल्या घरांत कोरी कॅसेट नेहमी हाताशी नसायची. मग फिल्मी गाण्याच्या कॅसेटच्या भोकांवर कागदाचा बोळा किंवा चिकटपट्टी लावून तिच्यावरच खत टेप व्हायचे. वरच्या लेबलवर सिनेमाचे नाव, आणि आत नाना. म्हणून लेबलवर विश्वास ठेवू नका, आधी त्या भोकांकडे पाहा. तिथे चिकटपट्टी दिसली तर ती कॅसेट रद्दीत नव्हे, पहिल्या रांगेत. आणि घरातल्या प्रत्येक कॅसेटवर उरलेल्या पाकळ्या तोडून, लावलेल्या पट्ट्या काढून घ्याव्यात, म्हणजे लहान मुलाच्या हातून लाल बटण दाबले गेले तरी पुसले जाणार नाही.

यंत्र पास झाले की मग आपली कॅसेट, आणि तीसुद्धा नुसती ऐकण्यासाठी नाही. पहिल्याच वेळी संगणकावर उतरवून घ्यावी, कारण तीच सगळ्यांत चांगली वेळ असू शकते. टेपच्या हेडफोनच्या छिद्रातून एक वायर संगणकाच्या लाइन-इनला जाते. ऑडॅसिटी नावाचे मोफत सॉफ्टवेअर पुरते. फाइल वेव्ह प्रकारात, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर घ्यावी. साठ मिनिटांची कॅसेट साधारण एक जीबी होते. आजच्या पेनड्राइव्हला हे काही ओझे नाही. बरेच जण टेपसमोर मोबाइल धरून टेप करतात आणि घरच्या ग्रुपवर टाकतात. खोलीतला पंखाही त्यात टेप होतो आणि ग्रुपवर जाताना आवाज आणखी दाबला जातो. ऐकवायला ते ठीक, जपायला नाही. मध्येच यंत्राने फीत गिळली तर ओढू नका. वीज बंद करा, दार उघडा, रोलरभोवतीची फीत बोटाच्या नखाने नव्हे तर रोलर उलटा फिरवत सोडवा.

लग्नाच्या व्हिडिओ कॅसेट्सची पाहणीही अशीच, थोडा फरक इतकाच की तिची फीत पुढच्या झडपेमागे झाकलेली असते. बाजूचे बटण दाबून झडप उचलली की ती दिसते. इथे बुरशीचा धोका अधिक, कारण व्हीसीआरचे हेड मिनिटाला १५०० फेरे घेत फितीवरून जाते. घाई मात्र इथे जास्त आहे. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवले. युनेस्कोने २०१९ मध्ये टेपविषयी जगभर इशारा देणारी मोहीम काढली ती याच कारणाने: फीत टिकेल, पण ती वाचणारी यंत्रे आणि त्यांचे सुटे भाग संपतील. २०२५ च्या सुमारास हे काम नेहमीच्या पद्धतीने करणे अवघड होईल, असा त्यांचा अंदाज होता. तेव्हा ट्रंकेतल्या कॅसेट्सची पाहणी सावकाश करा, पण ती पुढच्या वर्षावर टाकू नका.

हे काम फोटो स्टुडिओवाले करून देतात. देण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. चालवण्याआधी कॅसेट उघडून पाहता का? हेड कधी साफ केले? मूळ फाइल आणि कॅसेट दोन्ही परत मिळणार का? उत्तर देताना माणूस कंटाळला तर दुसरे दुकान बघावे. आणि पहिल्यांदा सगळे खोके नव्हे, एकच कॅसेट द्यावी, तीही मनाने कमी जड असलेली.

उतरवून झाले म्हणून कॅसेट फेकू नये. शेवटपर्यंत चालवून एका बाजूला पूर्ण गुंडाळावी, डबीत घालावी आणि पुस्तकासारखी उभी ठेवावी, आडवी रचून नाही. पत्र्याच्या घरात माळा आणि कपाटाचा वरचा भाग तापतो, तळाला ओल चढते. मधला कप्पा बरा, आणि बाहेरच्या भिंतीला लागून नको. कपड्यांतल्या डांबराच्या गोळ्या जवळ नकोत, त्यांची वाफ डबीच्या प्लॅस्टिकला खाते. फाइलच्या तीन प्रती कराव्यात, त्यातली एक दुसऱ्या घरी, बहिणीकडे किंवा भावाकडे.

आणि ऐकताना घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला जवळ बसवावे. पहिला आवाज कोणाचा, मागे हसते ती कोण, हे कोणत्या वर्षी, कुवेतहून की दुबईहून, हे तेच सांगू शकतात. ते एका कागदावर पेन्सिलने लिहून, बाजू आणि मिनिटासह, चिठ्ठी डबीत घालावी. कॅसेटवरचे जुने लेबल कितीही फाटलेले असले तरी काढू नये. ते अक्षरही कोणाचे तरी असते.